मी मोडलो नाही

लबाडाला उघडे पाडणाऱ्या लाकडाची कथा अनेक मुलखांत सांगतात. एका पाठात खोटी शपथ घेणाऱ्याच्या हाताखाली लाकूड दुभंगते. दुसऱ्यात त्याला वाचा फुटते. तिसऱ्यात लबाडाचा तळहातच त्याला चिकटून बसतो. मी बोलतो आहे तो पाठ यांतला नव्हे. मी ख्रिस्ती प्रार्थनामंदिरातला लाकडी स्टँड. माझ्यावर पवित्र शास्त्र उघडून ठेवतात. माझ्या पाठात लाकूड लाकूडच राहते.

मला एका सुताराने घडवले. लाकूड वखारवाल्याचे; तोच इथल्या मंडळीचा प्रमुख वडील, म्हणजे मंदिराचा कारभार पाहणारा. सुतार त्याच्याच वखारीत कामाला आणि वखारीमागच्या खोलीत राहायला. मला जागेवर ठेवताना सुतार हसून म्हणाला, "भाऊ, जपून वाचा हं. खोटेपणानं वाचलंत तर मोडेल."

"मोडू दे की, मिस्त्री. लाकूड माझंच आहे."

"पण सांधे माझे आहेत!"

या मंडळीची एक रीत आहे. स्तोत्रे क्रमाने, पाळीपाळीने वाचतात. मात्र ज्याच्या मनात कुणाविषयी अढी असेल, ज्याने शब्द मोडला असेल, त्याने माझ्यावर हात ठेवून "मला वाचवत नाही" एवढे म्हणावे आणि बाजूला व्हावे. कारण कुणी विचारत नाही.

पुढे सुताराला छातीचे दुखणे जडले. एकदा प्रार्थनेनंतर तो बायकोसह मागे थांबला. वखारवाल्याने माझ्यावर हात ठेवून शब्द दिला, "तुझ्यामागं वहिनींना ती खोली कुणी सोडायला लावणार नाही." सुतार निश्चिंत होऊन गेला, आणि थोड्याच दिवसांत जगातूनही गेला.

त्यानंतरच्या एका रविवारी त्याची विधवा सर्वांआधी आली. वखारवाला माझ्यावर शास्त्र उघडत होता.

"भाऊ, माझं सामान बाहेर काढून ठेवलंय."

"मुलाचं लग्न ठरलंय, वहिनी. खोली लागणार."

"तुम्ही शब्द दिला होतात. इथंच."

"मिस्त्रीला दिला होता. मिस्त्री गेला."

"तो गेला म्हणूनच तर त्या शब्दाची वेळ आली ना?"

तेवढ्यात मंडळी येऊ लागली. निम्मी वखारीतच कामाला. सामान सर्वांनी पाहिले होते. त्या दिवशी पाळी वखारवाल्याची आणि स्तोत्र पंधरावे. परमेश्वराच्या मंडपात कोण राहील, असे ते विचारते. आणि नुकसान सोसूनही दिलेला शब्द न फिरवणारा, असे सांगते.

त्याने माझ्यावर हात ठेवला. सारे थांबले. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी मान खाली घातली. आणि त्याने वाचायला सुरुवात केली. स्वर कुठे कापला नाही. शब्दाच्या ओळीवर तर तो इतका हळुवार झाला की कुणीतरी डोळे टिपले.

विधवा माझ्या पायांकडे पाहत होती. मी तडकायचा फार प्रयत्न केला. पण सुताराने एकही सांधा सैल ठेवला नव्हता. त्याच्या प्रामाणिकपणावरच ती लबाडी भक्कम उभी राहिली. वाचकहो, न्यायासाठी लाकडाच्या तोंडाकडे पाहू नका. तोंडे तुम्हालाही आहेत.

"आमेन," मंडळी म्हणाली.

पुढची पाळी विधवेची होती. ती आली. माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "माझ्या मनात राग आहे. मला वाचवत नाही." आणि बाजूला झाली.

वाट्याला रमणीय जागा आल्याचे सांगणारे सोळावे स्तोत्र वखारवाल्याच्या मुलाने वाचले.