एकचपल्याची शेवटची सकाळ

"ताई, हा माणूस मरणार कधी?" संपादकांनी फोनवर विचारलं.

मी समोरच्या पानाकडे पाहिलं. ठरली होती आठ पानं. अकरावं चालू होतं आणि माणूस अजून दाढीच करत होता.

एका गाजलेल्या सिनेमात मेलेली माणसं उठून शहरभर फिरतात. त्यांतला एक, निळ्या शर्टातला, पडद्यावर जेमतेम चार सेकंद दिसतो आणि त्याच्या एकाच पायात चप्पल असते. प्रेक्षकांनी त्याचं नाव एकचपल्या ठेवलं. दुसरी चप्पल गेली कुठे, यावर लोकांनी इतका काथ्याकूट केला, की कंपनीने सिनेमाच्या आधीच्या दिवसांचं कॉमिक काढायला घेतलं. एकचपल्या माझ्या वाट्याला आला. अट एकच, शेवटच्या चौकटीत तो सिनेमातल्यासारखा उभा हवा. म्हणजे त्याला वाचवायची सोय नव्हती.

त्याचा चेहरा सिनेमात धड दिसत नाही. मी नवऱ्याचा लावला. मुद्दाम नव्हे, हाताला दुसरा येईचना. त्याला जाऊन दहा महिने झाले होते. ऑफिसला गेला आणि तिथेच कोसळला. त्या सकाळी तो "येतो गं" म्हणाला, तेव्हा मी चित्रातून मान वर केली नव्हती. नंतर रडलेही नाही. लोक म्हणत, बाई खंबीर आहे. खंबीर कसली! दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात ना, तशी सगळीच झाले होते.

सासरे माझ्याकडेच राहतात. पान वाळत ठेवलं की चष्मा लावून येत. मुलाला त्यांनी पहिल्याच पानावर ओळखलं, पण तसं बोलले नाहीत.

"हा दाढी करताना शिट्टी वाजवतो ना?"

"वाजवतो, बाबा."

"मग तोंडाचा चंबू कर की. आणि इतक्यात बाहेर नको काढूस त्याला. चहा व्हायचाय."

मी चहाचं पान काढलं. मग मोजे शोधण्याचं, मग ते न सापडल्यावर माझ्यावर करवादण्याचं. चौदा पानं झाली.

"ताई, लोकांना रक्त हवंय हो," संपादक काकुळतीला आले. "मोजे काय बघायचेत? संध्याकाळी छपाईला जायचंय."

मग पुढच्या पानावर मी दार उघडलं. जिन्यात कुणीतरी ओरडलं आणि हा एक चप्पल घालून तसाच धावला. होताच तसा. कुणी हाक मारली की स्वतःचं भान नसायचं. जिन्यात पडलेल्या, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला तो उठवायला गेला आणि म्हाताऱ्याने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. शेवटच्या चौकटीत तो रस्त्यात उभा राहिला. मी फोटो काढून पाठवला.

पाच मिनिटांत फोन आला. "फक्कड झालंय! फक्त बुबुळं तेवढी पुसा. आपल्या मेलेल्यांना बुबुळं नसतात."

एवढी वर्षं या धंद्यात काढून ही चूक कशी झाली, मला माहीत होतं. बाबांनाही.

मी ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला. उजवा डोळा झाला. डाव्यापाशी ब्रश कागदाला टेकेचना.

"त्याचे डोळे दवाखान्यातच कुणीतरी मिटले," बाबा म्हणाले. "आपण पोचलोच नाही गं."

त्यांनी खुर्ची ओढली आणि कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"हं. कर आता."

मी केलं. रंग वाळला, तरी त्यांनी कागद सोडला नाही.