देवकाबाईच्या हातची गाबोळी

गोपिका लग्न होऊन हिंगणीला आली ती एकोणऐंशी सालच्या वैशाखात. चंद्रभानची ती दुसरी बायको. पहिली, जयवंता, आदल्या वर्षी आषाढात काविळीनं गेली होती. मूलबाळ नव्हतं. घरात चंद्रभान आणि त्याची आई देवकाबाई, एवढीच माणसं. गावाबाहेर कालव्याच्या पाण्यावर पिकणारं वावर. गोपिकाच्या बापानं एकच चौकशी केली, नवरा पितो का. पीत नव्हता. मग लग्न ठरलं.

लग्नात तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर जयवंताच्या नावाची चांदीची पुतळी घातली. रीतच होती ती, सवतीचा मान. गोपिकाला त्याचं काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते विहिरीवर शेजारच्या सखूबाईची गाठ पडल्यावर.

"सासू कशी हाये?" सखूबाईनं बादली ओढता ओढता विचारलं.

"चांगल्या हायेत."

"चांगली त हायेच." सखूबाईनं इकडंतिकडं पाहिलं. "हातालेही चव हाये तिच्या. गावात कोणाले इचार. पण पोरी, गाबोळी वाढली त खाऊ नको."

"काऊन?"

"मी काऊन सांगू? मी काई पाह्यलं नाई. तुह्या सवतीनं खाल्ली अन् दुसऱ्या दिवशी तिले उचललं, एवढं सारं गाव जाणते." असं म्हणून ती घागर घेऊन निघूनही गेली.

गोपिकाचं माहेर आर्वीकडचं, वर्धा नदीच्या काठावरचं. मासोळीच्या पोटातली अंड्यांची पिशवी, म्हणजे गाबोळी, तिनं लहानपणापासून खाल्ली होती. सासरी आल्या आल्या बोलता बोलता तिनं सासूला सांगितलंही होतं, आत्याबाई, मले गाबोळी लय आवडते. ते ऐकून देवकाबाईचा भाकरी थापणारा हात मध्येच थांबला होता. तेव्हा गोपिकाला त्यात काही दिसलं नव्हतं. आता दिसायला लागलं.

आषाढ लागला. या दिवसांत बोर धरणातले रोहू अंड्यांनी फुगतात. एका सकाळी मासे धरणारा नत्थू पळसाच्या पानांत काहीतरी गुंडाळून घेऊन आला. देवकाबाईनं पानं उघडून बोटानं दाबून पाहिलं. "पिशवी फाटली त नाई ना?"

"फाटली असती त आणली असती का माय तुह्याकडं?" नत्थू म्हणाला. "लय दिसानं मागितली तुनं."

देवकाबाई पानं उचलून सैपाकघरात गेली आणि आतून दार ओढून घेतलं.

ते दार कधी लागत नसे. गोपिका ओसरीवर तांदूळ निवडत बसली आणि कान आत लावून राहिली. पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज आला. खोबरं भाजल्याचा वास आला, मग खसखशीचा. जवसाच्या तेलात भिवापुरी मिरची पडली तेव्हा ओसरीवर बसल्या बसल्या तिला ठसका लागला. त्यानंतर आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता. एवढा वेळ बाई आत करते काय? गोपिका उठून दाराशी गेली, फटीतून पाहायला वाकली, आणि तेवढ्यात दार उघडलं.

"ताट घे," देवकाबाई म्हणाली.

ताट एकच होतं. लाल रस्सा, त्यात वाफवून तळलेल्या गाबोळीच्या जाड वड्या, बाजूला ज्वारीची भाकर आणि फोडलेला कांदा. देवकाबाई समोर पाट घेऊन बसली.

"घाई नको करू. आधी नुसती वडी घे, रस्सा नको लावू. जिभेवर ठेव, टाळूले दाब, मंग दाणे सुटतात. तिखट मागून येते. ते आलं का कांदा खाय. पाणी नको पिऊ बरं. पाण्यानं आग वाढते."

पाणी नको पिऊ. गोपिकानं वडीकडं नेलेला हात मागे घेतला.

"तुमी घ्या ना आत्याबाई."

"मले नाई पाह्यजे."

"अन् यायले?"

"तो खात नाई."

त्याच वेळी चंद्रभान दारातून आत आला. त्यानं ताट पाहिलं, मग आईकडं पाहिलं. गोपिकाकडं पाहिलंच नाही. खांद्यावरचं दुपट्टं झटकलं आणि म्हणाला, "मी वावरात जातो. पिकात डवरे चालू हायेत." जेवायची वेळ असून न जेवता गेला.

"माह्या पोटात दुखून राह्यलं," गोपिका म्हणाली. "मंग खाते."

देवकाबाई तिच्याकडं पाहत राहिली. मग ताटावर टोपलं पालथं घातलं आणि उठली.

दुपारी सासूचा डोळा लागल्यावर गोपिकानं ते ताट गोठ्यामागच्या उकिरड्यात नेऊन पुरलं. वर शेण ओढलं, ताट घासून ठेवलं. पण कोंबड्यांचा विचार तिच्या डोक्यात आला नव्हता. ऊन उतरल्यावर ती परसात गेली तर कोंबड्यांनी सगळं उकरून काढलं होतं आणि वड्यांवर तुटून पडल्या होत्या. देवकाबाई तिथंच उभी होती. रागावली नाही, हाकललं नाही. नुसती कोंबड्यांकडं पाहत होती, एकेक कोंबडी निरखून. जणू त्यांना काही होतं का याची वाट पाहत होती.

सकाळी गोपिकानं आधी खुराडं उघडलं. सगळ्या कोंबड्या जिवंत होत्या. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तिला सासूची ती नजरच आठवत राहिली. आपल्या हातच्या अन्नात काही नसेल तर बाई असं कशाला पाहील?

देवकाबाई त्या दिवशी एवढंच म्हणाली, "नत्थूले सांगितलं हाये. अखीन आणून देईन तो. त्या येळेस गरम गरम खाजो."

तेव्हापासून गोपिका सावध झाली. आपली भाकर आपणच थापायची. भाजी सासूनं आधी घेतली की मग घ्यायची. दूध हुंगून प्यायची. हे आपण लपूनछपून करतो असं तिला वाटत होतं. पण एकदा पाण्याचा पेला तिनं ओतून दिला आणि रांजणातून दुसरा भरून घेतला, तेव्हा देवकाबाई दारात उभी होती. म्हातारी मुकाट्यानं मागे फिरली.

शेवटी गोपिकानं वावरात भाकर नेली तेव्हा चंद्रभानला धरलं. तो बांधावर बसून जेवत होता.

"जयवंताबाई कशानं गेल्या?"

"कावीळ."

"मंग तुमी गाबोळी काऊन नाई खात?"

त्यानं घास तसाच हातात ठेवला. "डॉक्टरनं तेल-तिखट बंद सांगितलं होतं तिले. मी झाडपाल्याचं औषध आणाले पार मेळघाटाकडं गेलतो, एक वैदू हाये तिकडं. औषध घेऊन आलो त दारात लोकं जमलेले. मायनं तिले आदल्या दिवशी गाबोळी करून चारली होती. तिखट, लालबुंद."

"तुमी इचारलं नाई?"

"काय इचारू?" तो म्हणाला. "मायले असं इचारता येते का?"

त्यानं उरलेली भाकर कुत्र्याला टाकली. गोपिकाला आता कळलं की या घरात संशय तिनं आणलेला नव्हता. तो आधीपासून जेवायला बसत होता.

नत्थू दुसऱ्यांदा येण्याआधी तिचा मोठा भाऊ कवडू तिला आखाडासाठी माहेरी न्यायला आला. वर्ध्याला गाडी बदलायची होती. स्टँडवर उतरल्यावर गोपिका म्हणाली, "भाऊ, नालवाडीले जाऊन येऊ. जयवंताबाईच्या मायच्या पाया पडाच्या हायेत." सवतीच्या आईला आई मानायची रीत कवडूलाही ठाऊक होती. तो नालवाडीच्या वाटेला लागला.

नालवाडीत जयवंताच्या माहेरचा भाजीचा मळा होता. तिची आई आनंदाबाई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. गोपिकाच्या गळ्यातली पुतळी दिसताच तिनं ओळखलं. तिला जवळ घेतलं, डोळे पुसले, चहा ठेवला. कवडू मळा पाहायला बाहेर गेला तशी गोपिकानं विचारलं, "माय, एक इचारू? तुमच्या पोरीले गाबोळी काऊन चारली आत्याबाईनं?"

आनंदाबाई चुलीपाशी थबकली. "तुले कोण म्हणे?"

"सारं गाव म्हणते. हेही म्हणतात."

"जावई?" तिचा आवाज चढला. "जावयाले मालूम नाई? ईहीनबाईनं सांगितलं नाई त्याले अजून?"

"काय सांगाचं होतं?"

आनंदाबाईनं आधी दाराबाहेर पाहून घेतलं. तिला काहीतरी झाकायचं आहे असंच गोपिकाला वाटलं. मग ती खाली बसली.

"डॉक्टरनं आमाले दोघीले बाहेर बोलावलं होतं," ती म्हणाली. "जावई गोळ्या आणाले गेलते. डॉक्टर म्हणे, आता काई उरलं नाई, घरी न्या, जे मागेल ते द्या. आमी दोघी तिथं भिताडाले टेकून बसलो. ईहीनबाई म्हणे, चंद्रभानले नाई सांगाचं. त्याले आशा हाये त राहू द्या. तो वैदूकडं जाऊ म्हणे, आमी म्हटलं जा. घरी आल्यावर पोरगी म्हणे, आत्याबाई, तुमच्या हातची गाबोळी खावाशी वाटते. ईहीनबाईनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, करा. मी म्हटलं, पोरी." तिनं छातीवर हात ठेवला. "तिनं खाल्ली. नाकातोंडातून पाणी येई अन् हासे. म्हणे, तिखट कमी झालं."

आर्वीच्या गाडीत गोपिका तेच मनात घोळवत राहिली. बाई खरं बोलली असेल कशावरून? दोघी मिळून एकमेकींना सांभाळत तर नसतील? पण नाकातोंडातून पाणी येऊन हसणारी जयवंता तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. असं कोणी बनवून सांगत नाही.

माहेरी तिचं मन लागलं नाही. आखाड सरायच्या आधीच ती परतली. घरी आली तेव्हा देवकाबाई सैपाकघरात एकटी बसली होती, समोर पळसाची पानं उघडी.

"तू येशीन असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "माहेरीच राह्यते म्हटलं आता."

"मी नालवाडीले गेलती आत्याबाई."

देवकाबाईचा चेहरा उतरला. "मंग?"

"सांगितलं त्यायनं. तुमी यायले काऊन नाई सांगत? तुमचा पोरगा तुमच्यावर संशय घेते."

"घेऊ दे." म्हातारीनं पानं मिटली, परत उघडली. "त्याले काय सांगू, का आमाले मालूम होतं अन् आमी तुले रानोमाळ हिंडू देल्लं? तिच्यापाशी बसाचे दिवस होते ते. ते त्याचे आमी घेतले. त्यापेक्षा मायनं मारलं असं वाटलं त बरं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अन् मलेही कुठं खात्री हाये? तेल-तिखट देल्लं नसतं त अखीन एक दिवस जगली असती, तो घरी येऊन भेटला असता. कोण सांगते? तुले वाढली त्या दिवशी मी दार लावून आधी सोता खाल्ली. बसून राह्यली. मले काई होते का पाह्यलं. मंग दार उघडलं."

गोपिका तिच्या शेजारी बसली. मग तिनं विळी ओढली. "हळद आधी लावाची का मीठ?"

"हळद," देवकाबाई म्हणाली. "हलक्या हातानं. फुटली का सारी रश्शात सुटते." थोड्या वेळानं म्हणाली, "फडक्यात बांधून वाफेवर ठेव. घट्ट झाली का मंग काप. ओली कधी तेलात टाकू नको, उडते."

चंद्रभान आला तेव्हा दार उघडं होतं आणि दोघी चुलीपाशी होत्या. गोपिकानं वडी घेतली, जिभेवर ठेवली, टाळूला दाबली. दाणे सुटले. तिखट खरंच मागून आलं, घशापर्यंत. तिनं कांदा खाल्ला. मग आनंदाबाईनं सांगितलेलं सगळं तिनं नवऱ्याला सांगून टाकलं. देवकाबाईनं तिला अडवलं नाही.

त्याला बरं वाटेल असं गोपिकाला वाटलं होतं. चंद्रभान पांढराफटक पडला.

"तुले मालूम होतं?" तो आईवर ओरडला. लग्न होऊन आल्यापासून गोपिकानं त्याला आईशी एवढ्या मोठ्यानं बोलताना पाहिलं नव्हतं. "मी तिकडं चिखलात वैदूचं घर धुंडून राह्यलो होतो, अन् तुले मालूम होतं?"

"होतं," देवकाबाई म्हणाली.

तो वावरातल्या झोपडीत राहायला गेला. गोपिका रोज भाकर घेऊन जाई, तो घेई, बोलत नसे. गावात आता नवीन बोलणं सुरू झालं. सखूबाई विहिरीवर म्हणाली, "पाह्य, नवरा घर सोडून गेला. मी सांगितलं होतं ना?" गोपिकानं घागर भरली आणि म्हणाली, "काकू, मी खाल्ली गाबोळी. तुमाले पाह्यजे त या." सखूबाई आली नाही. तिचा संशय शेवटपर्यंत गेला नाही.

पोळा जवळ आला तेव्हा चंद्रभान एका दुपारी घरी आला. देवकाबाई अंगणात वाती वळत होती. तो जरा दूर, ओट्याच्या कडेला बसला. बराच वेळ पायाला लागलेली माती काडीनं खरवडत राहिला. गोपिकानं पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

"माय," तो शेवटी खाली पाहूनच म्हणाला, "त्या शेवटच्या दिवशी सकाळी उठली तवा जयवंता काय म्हणे?"

देवकाबाईनं कापूस खाली ठेवला.

"आधी तुलेच इचारलं," ती म्हणाली. "म्हणे, पाऊस लागला असन का त्यायले तिकडं?"

तो ऐकत राहिला, आणि ती सकाळपासूनचं सांगू लागली.