सम्राटचा पॉइंट

शाहूपुरीत पंपाच्या सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्या बाबासोंनी २००४ साली दुकानातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला एकदाचा होकार दिला. होकार तरी कसा, तर सून वर्षभर मागं लागली आणि डोकं उठलं म्हणून. दुकानात तीन कॉम्प्युटर आले होते खरे, पण तिघांची तोंडं तीन दिशांना. काउंटरवरचा सांगायचा पंपाचा बुश शिल्लक आहे, गोडाऊनमधला म्हणायचा संपला, आणि खरं काय ते शेवटी शिडी लावून फळीवर बघायचं. साक्षी, म्हणजे ही सून, एका मशीनमधली फ्लॉपी काढून दुसऱ्यात घालत दिवसभर दुकानभर फिरायची. कुणी उठलं की त्याच्या खुर्चीवर बसायची, तो परत आला की उठायची. लग्न होऊन आल्यापासून हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिलाही नाही.

प्रसेनजीत नावाचा तरुण इंजिनिअर मोजमापाची टेप घेऊन आला. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं साक्षीच्या. बाबासो गादीवर बसून दोघांकडं संशयानं बघत होते.

"सगळा हिशोब एका मोठ्या मशीनमध्ये राहणार, त्याला सर्व्हर म्हणायचं," प्रसेनजीतनं समजावलं. "बाकीची मशीनं वायरीनं त्याला जोडायची. तो सांगेल तेच सगळी सांगणार."

"म्हंजे घरात कारभारी एकच म्हणा की."

"व्हय काका, तसंच."

हे मात्र बाबासोंना फार पटलं. ते उठले आणि कुणाची खुर्ची कुठं, कुणाला वायरीचा पॉइंट, ते बोटानं दाखवत सुटले. इथं मी. इथं आमचा संग्राम. इथं आकाराम दिवाणजी. एक काउंटरला, एक गोडाऊनला. साक्षी टेपचं टोक धरून त्या त्या भिंतीपर्यंत जात होती.

"पाच मशीनं आणि एक सर्व्हर," प्रसेनजीत कागदावर रेघा मारत म्हणाला. "सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात तो स्विच आठ जागांचा बसवतो, दोन जागा मोकळ्या राहतील. धंदा वाढतोय तुमचा. एक पॉइंट आत्ताच जास्तीचा काढून ठेवा, मागनं भिंत फोडायला नको."

आता मामा आपलं नाव घेणार, असं साक्षीला वाटलं. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

बाबासोंनी मिशीवरनं हात फिरवला. "काढा. आमच्या सम्राटला हुईल."

सम्राट हा साक्षीचा मुलगा. वय वर्षं तीन. त्या घटकेला तो वरच्या मजल्यावर, घरात, आजीच्या चपलेत पाय घालून फिरत होता.

"आणि वहिनी कुठं बसणार?" प्रसेनजीतनं विचारलं.

"तिचं काय घेऊन बसलाय पावणं! ती कुठंबी बसती."

आता बाबासो काही दुष्ट नव्हते. सुनेचं कौतुक ते चारचौघांत करायचे, तिच्या माहेरी कुरुंदवाडला आंब्याची पेटी न चुकता पाठवायचे. पण तिला बसायला जागा लागते, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. काय करता!

दुकानात लोखंडाचा भुगा आणि ग्रीस, म्हणून सर्व्हर वर घरात, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत ठेवायचं ठरलं. रोज सकाळी तो चालू करायचा, रात्री नीट बंद करायचा, वीज गेली तर आधी त्याच्याकडं धावायचं.

"साक्षी हाय की," बाबासो म्हणाले. "पाण्याची मोटर लावती, तेच्याबरुबर हे बी लावंल."

"लावतो की मामा," साक्षी म्हणाली.

कॉम्प्युटरचं हे जाळं झकास चाललं. गिऱ्हाइकानं माल मागितला की आहे-नाही जागच्या जागी कळायचं. बाबासो आल्यागेल्याला सर्व्हरचं कौतुक सांगायला लागले, जणू कल्पना त्यांचीच.

मग दसरा आला. बाबासोंनी जास्तीच्या पॉइंटपाशी नवं टेबल, फिरती खुर्ची आणि नवा कोरा कॉम्प्युटर आणून मांडला. झेंडूची माळ घातली. सम्राटला टोपी घालून खुर्चीत बसवलं. नाक टेबलाच्या वर येईना, म्हणून खुर्ची पार वर चढवली.

"आलं बघा मालक!" बाबासो ओरडले. सगळे हसले, फोटो निघाला. "साक्षी, च्या आण गं सगळ्यास्नी."

साक्षीही हसली. जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर तिला कळलं की आपल्याला राग आलाय. पोटच्या पोराचा हेवा वाटतोय म्हणून स्वतःची लाजही वाटली, पण राग काही गेला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाण्याची मोटर लावली. टाकी भरली. सर्व्हर लावला नाही.

खाली बोंबाबोंब. चंदगडची गिऱ्हाइकं पहिल्या एसटीनं येऊन उभी, आणि एकही मशीन बोलेना. संग्राम धावत वर आला. नवरा असला तरी दुकानात तो बापाच्या शब्दाबाहेर नसायचा.

"काय गं, बिघडला काय?"

"न्हाय. चांगला हाय."

"मग लाव की!"

"लावणार न्हाय."

सर्व्हर लावायचा कसा, ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं; तो जसा आला तसा खाली गेला. मग गुडघे धरत खुद्द बाबासो जिना चढून आले.

"काय पायजे तुला? साडी? माहेरला जायाचंय?"

"खाली दुकानात बसायला जागा पायजे."

"आत्ता! एवढंच व्हय? मग बस की कुठंबी."

"कुठंबी लई वर्षं बसलो, मामा. सम्राटच्या टेबलावर बसणार."

"आणि त्यो मोठा झाल्यावर?"

"स्विचवर अजून एक जागा मोकळी हाय. तेलाबी काढू की पॉइंट."

बाबासो बंद सर्व्हरकडं बघत राहिले. खालनं आकाराम दिवाणजींनी दुसऱ्यांदा हाक मारली.

"लाव," ते म्हणाले. "आणि खाली ये."

ती खाली आली तेव्हा माळ अजून तशीच होती. तिनं ती बाजूला ठेवली, खुर्ची आपल्या मापाला खाली घेतली आणि बसली. पहिलं बिल करते आहे, एवढ्यात आकाराम दिवाणजी कसलासा कागद घेऊन तिच्याच रोखानं आले.

सवयीनं ती अर्धी उठली.

दिवाणजी थांबले. "बसा की वैनी," ते म्हणाले, "माझी खुर्ची तिकडं हाय."

साक्षी परत खुर्चीत बसली. पुढचा आकडा काही केल्या तिला दिसेना, डोळे भरून आले होते.