उंबऱ्याबाहेरची मुलगी

पेनाच्या टोपणावर दातांच्या खुणा होत्या — दोन खोल, आणि मधे कोरी जागा. पुढचा दात पडल्यापासून लेक मानसी जे चावेल त्यावर अशी फट उमटायची... आणि हे घशात गेलं असतं तर? शर्मिलाने टोपण गाऊनच्या खिशात टाकलं.

सकाळी तिच्या गोष्टीवरून दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला होता. "अहो, घाटात धुकं आहे, मुलगी चुकलीय, आणि पानापानाला कोणीतरी येऊन तिचा हात धरतंय. वाचणाऱ्याने घाबरायचं कधी? दोन दिवसांत बदलून द्या, नाहीतर राहू दे."

खोटं नव्हतं. आधी दूधवाला, मग एसटीचा कंडक्टर, मग मोळी घेतलेली म्हातारी — आंबेनळी घाटातल्या त्या निर्मनुष्य वळणावर नुसती वर्दळ. पण करणार काय... जिवंत वाटावी म्हणून तिने गोष्टीतल्या निशिगंधाला मानसीचा पडलेला दात दिला होता, आणि तेव्हापासून ती पोर परकी राहिलीच नव्हती.

"पडते का पोर त्या गोष्टीत?" तांदूळ निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं.

"पडायला आलीय, आई."

"मग घरात नको लिवू गो. वास्तू तथास्तु म्हणते. अंगणात जा, तिचा कान उंबऱ्यापातूरच हाय."

"आणि अंगणात कोण ऐकतं?"

"कोंबड्या."

शर्मिला हसली. बी.ए. झालेली बाई — तरी निमूट कागद उचलून बाहेर गेली.

पेरूखाली बसून तिने कंडक्टरला खोडलं. दूधवाल्याला, म्हातारीला. उरलं धुकं. फुटक्या कठड्यापाशी निशिगंधा, पायाखाली शेवाळ... मी फक्त लिहितेय, मी फक्त लिहितेय — आणि पाय सुटला, हातात कारवीचं झुडूप आलं, माती भुरभुरू लागली, वर तिची आई हाका मारत होती, पण भलत्याच वळणावर...

पेन थांबलं तेव्हा सावली सरकली होती. मानसी कुठेय? — रोज सगळ्याच्या आधी येणारा हा प्रश्न आज उशिरा आला. आत ती आजीशी भातावरून भांडत होती. "मला आईच भरवेल!"

आता कोणीतरी हात द्यायचा, एवढंच. ओळ तयार होती. शर्मिलाने ती लिहिली नाही. अजून एक मूळ तुटू दे, असं तिला वाटत होतं, अजून थोडं लोंबकळू दे — आणि ते वाटणं गोड होतं. ती ओळ अडवणारे तेच हात घेऊन तिला आत जायचं होतं, मानसीला भरवायला.