माघ्या, राहणार सूर्यमाळ

वॉरंटवर एवढंच होतं: माघ्या, राहणार सूर्यमाळ, तालुका मोखाडा, वय तीस ते पस्तीस. बापाचं नाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही. शेजारच्या राज्यातले पोलीस हा कागद खिशात घालून होळीच्या आधीच्या बाजाराला खोडाळ्यात आले. सुक्या मासळीच्या पाटीपाशी बसलेल्या सूर्यमाळच्या माणसांना त्यांनी विचारलं, "माघ्या कौन है?" एक जण उठून म्हणाला, "मी." झाला तपास.

माझं सेवा केंद्र त्याच बाजारात आहे. दाखले, रेशनकार्डं, आधारच्या दुरुस्त्या आणि अर्ज लिहून देणं ही माझी कामं. बारा वर्षं या डोंगरातल्या माणसांची नावं मी कॉम्प्युटरवर चढवतेय. पौषात झाला तो पोश्या, चैत्रात झाली ती चैती, माघात झाला तो माघ्या. त्या दिवशी मी माझ्याकडची यादी काढून बघितली, तर एकट्या सूर्यमाळच्या पाड्यांवर नऊ माघ्या निघाले. दोन वारलेले, सात जिवंत. ज्याला हे माहीत नाही त्याने या भागात साधं पत्र वाटायलासुद्धा येऊ नये, आणि हे आले होते माणूस उचलायला.

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात चार मिनिटं उभं केलं. आरोपीला परराज्यात न्यायचं तर इथल्या कोर्टाची परवानगी लागते, ट्रान्झिट रिमांड म्हणतात तिला. जजसाहेबांनी विचारलं, "तूच माघ्या का?" तो म्हणाला, "हां." स्वतःचं नाव कोण नाकारील? आदेशात लिहिलं गेलं, 'आरोपीने स्वतःची ओळख मान्य केली आहे.' ती नक्कल माझ्या हातात आली. त्याची बायको चैती समोर उभी होती. मी काय वाचलं ते तिला सांगायला मला शब्द सापडेनात, आणि मला शब्द सापडत नाहीत असं फारसं होत नाही.

गुन्हा चार वर्षांपूर्वीचा. तिकडच्या एका वीटभट्टीवर मजुरांना खोलीत कोंडून ठेवलं होतं. ते दार मोडून पळाले, झटापटीत रखवालदार पडला आणि मेला. मजुरांना कोंडणाऱ्या मालकावर कसलाही गुन्हा नाही. पळालेल्यांमध्ये मात्र कुणीतरी माघ्या होता, तो फरार. चैतीचा नवरा त्या वर्षी वसईला इमारतीच्या कामावर होता. पण तिथल्या मुकादमाने सरळ हात झटकले. म्हणाला, माझ्याकडे असे शंभर येतात आणि जातात, कोण कधी होता ते मी कसं सांगू?

मग आम्ही समिती काढली. पुढारी गोकुळदादा. शिकलेले, घरची शेती, तालुक्याच्या राजकारणात ऊठबस, आवाज असा की माईक नसला तरी चालतो. निवेदनं लिहायची मी. मला लिहायची खोड आहे, आणि चांगलं वाक्य साधलं की मी ते दोनदा मोठ्याने वाचते, हेही कबूल करून टाकते. जव्हारला निवेदन दिलं, मोखाड्याला दिलं, पालघरला दोनदा दिलं. प्रत्येक वेळी फोटो. फोटोत साहेब हसतायत, गोकुळदादा हसतायत, मधे चैती कागदाचं एक टोक धरून उभी. फोटो झाला की साहेब कागद शिपायाकडे द्यायचे आणि शिपाई आधीच्या कागदांवर ठेवायचा. एका साहेबाने तर चहा ढवळता ढवळता मला विचारलं, "मॅडम, तुम्ही म्हणता हा तो माघ्या नाही. मग तो माघ्या द्या ना आणून. आम्हाला काय, हा काय नि तो काय!" बाजूचे दोघे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी तोंडातून 'हो सर' एवढंच काढलं, कारण पुढच्या आठवड्यात त्याच टेबलावर मला सही हवी होती. या माझ्या 'हो सर'चीही मला किळस येते.

पावसाळ्यात एकदा आशा वाटली. भट्टीच्या हजेरीच्या कागदावर त्या फरार माघ्याचा अंगठा होता, तो आमच्या माघ्याच्या अंगठ्याशी ताडून बघायचं तिकडच्या कोर्टाने मान्य केलं. मी चैतीला म्हणाले, आता सुटला समज. माझ्या मेलीच्या लक्षातच आलं नाही की माझ्याच मशीनवर हा माणूस पाच वेळा अंगठा दाबून परत गेला होता. सिमेंट कालवून कालवून त्याच्या बोटांवर रेघच उरली नव्हती. अहवाल आला: ठसे जुळतात असे म्हणता येत नाही, जुळत नाहीत असेही म्हणता येत नाही. आणि म्हणून त्याला आत ठेवला. काही म्हणता येत नसेल तर माणूस घरी सोडावा, हे त्या शिकलेल्या लोकांपैकी एकालाही सुचलं नाही.

तेव्हा मी सूर्यमाळला गेले. चैतीच्या अंगणात पाड्यावरची माणसं जमवली आणि विचारलं, "सात माघ्यांपैकी भट्टीवर गेलेला कोण होता? तेवढं सांगा. नाव नका घेऊ, नुसतं आहे की नाही ते सांगा." सगळे जमिनीकडे बघत बसले. त्यांच्यातच चैतीचा सख्खा भाऊ बसला होता. तोही माघ्याच. पाड्यावर चैतीच्या नवऱ्याला थोरला माघ्या म्हणतात आणि भावाला धाकला. प्रत्येक मोर्चात घोषणा द्यायला हा धाकला माघ्या सगळ्यात पुढे असायचा. त्या दिवशी तो मान वर करीना.

माणसं गेल्यावर चैती म्हणाली, "बाय, एक माझा गोहो, एक माझा भाऊस. दोन्ही माघ्या माझेच. मी कोनाला सांगू?"

सात महिने तिने प्रत्येक निवेदनावर अंगठा दिला होता. 'पोलिसांनी चुकीचा माणूस नेला' हे खरं होतं, म्हणून दिला होता. बरोबर माणूस कोण ते तिला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा त्या दिवसापर्यंत नाही. मला राग यायला हवा होता, पण तिच्याकडे बघून तो आलाच नाही. सगळा राग मी साठवला आणि खोडाळ्याला येऊन गोकुळदादांच्या अंगावर टाकला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"ताई, पाड्यावर काय लपतं?" ते शांतपणे म्हणाले. "पण आपला लढाच मुळी आपला माणूस परक्या पोलिसांच्या हवाली करण्याविरुद्ध आहे. आपणच दुसरा काढून द्यायचा का? आणि धाकल्याने तरी काय केलं? कोंडलेला माणूस दार मोडणारच की."

वाईट याचं वाटलं की माणूस खोटं बोलत नव्हता. पण बोलता बोलता ते मोबाईलवर पुढच्या मोर्चाच्या फलकाचा नमुना बघत होते, आणि त्यात माघ्याच्या फोटोपेक्षा त्यांचा फोटो मोठा होता. निवडणूक पाच महिन्यांवर होती. माघ्या तोवर आत राहिला तर फलकाला चांगलाच. मी त्यांच्या ओसरीवरून चहा न पिता उठले. काही न करता उठले, हे मात्र सांगायला पाहिजे. पुढे चार महिने मी तीच निवेदनं लिहीत राहिले, 'खरा आरोपी शोधावा' हे वाक्य तेवढं त्यातून गुपचूप काढून टाकलं.

अकराव्या महिन्यात चैती समितीच्या जीपने नवऱ्याला भेटायला तुरुंगात गेली. परत आली ती माझ्याकडे न थांबता सरळ भावाच्या घरी गेली. चौथ्या दिवशी धाकला माघ्या माझ्या केंद्रात आला. बाजाराचा दिवस नव्हता, दुसरं कुणी नव्हतं. खुर्ची दिली तरी भिंतीला टेकून खाली बसला.

"बायनं भावजीला वळखलाच नाय," तो म्हणाला. बाय म्हणजे त्याची बहीण, चैती. "जाळीपुढं उभा व्हता, ही इचारते माघ्या कधी येल. येवढा वाळलाय. खोकतो. मी जातू. तू लिव."

"काय लिहू?"

"मी व्हतू म्हनून लिव. दार मी मोडला. रखवालदारानं माझा गळा धरला, मी लोटला, तो इटांवर पडला. त्याला मारायचा नव्हता मला. तेवढा पन लिव."

मी विचारलं, "सोनीला सांगितलंस?" सोनी म्हणजे त्याची बायको. तो म्हणाला, सांगितलंय, आणि मान दुसरीकडे वळवली. मग एकदम म्हणाला, "भावजीला पैल्यापासून ठावं व्हता. पोलिसांनी मारला, वकिलानं इचारला, तरी माझा नाव नाय घेतला त्यानं. असा मानूस."

मला भरून आलं. आणि भरून आलं की मी लिहिते. त्या दिवशी मी लिहिलं तसं बारा वर्षांत लिहिलं नव्हतं. त्याच्या तोंडचं सगळं त्याच्या नावाने नीट मांडलं, भट्टीची खोली, कुलूप, वीट, सगळं. आणि शेवटी हे: 'मीच तो माघ्या आहे हे माझ्या मेव्हण्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरीही बायकोच्या भावाला वाचवण्यासाठी त्याने अकरा महिने मार खाल्ला, पण माझे नाव ओठांवर येऊ दिले नाही.' हे वाक्य मी दोनदा मोठ्याने वाचलं. धाकल्याने डोळे पुसले आणि अंगठा दिला. त्याचा अंगठा मशीनवर पहिल्या फटक्यात लागतो, ठसा स्वच्छ उमटला.

वकिलांना पाठवलं, त्यांचा फोन आला, "काय लिहिलंय हो! जज विरघळला पाहिजे." गोकुळदादांना वास लागला तसे तेही धावले आणि धाकल्याला स्वतःच्या गाडीतून न्यायला निघाले. आदल्या दिवशीपर्यंत 'हवाली करणार नाही' म्हणणारा माणूस आता हवाली करतानाचे फोटो काढत होता. पेपरात बातमी आली, माझं ते वाक्य चौकटीत छापून आलं. खोटं कशाला सांगू, ते कात्रण मी जपून ठेवलं होतं.

वीस दिवसांनी तिकडच्या कोर्टाचे कागद आले. वकिलांनी मोबाईलवर पाठवले, सोबत फोन नाही, नुसते कागद. पहिल्या पानावर होतं की रखवालदाराच्या मृत्यूच्या गुन्ह्यातून थोरल्या माघ्याचं नाव वगळण्यात येत आहे. मी खुर्चीतून उठले, चैतीला निरोप पाठवायला दारापर्यंत गेले, आणि दारात उभ्या उभ्या दुसरं पान वाचलं. खरा गुन्हेगार कोण आणि कुठे राहतो हे ठाऊक असताना त्याने ते लपवलं, फरार आरोपीला आसरा दिला, पोलिसांची दिशाभूल केली, सबब त्याच्यावर नवा गुन्हा, कोठडी कायम. पुरावा म्हणून धाकल्या माघ्याचं निवेदन जोडलं होतं, आणि त्यातलं एक वाक्य खाली रेघ मारून दाखवलं होतं.

रेघ मारलेलं वाक्य माझंच होतं, पेपरात चौकटीत आलेलं. ज्यांनी एका नावावरून माणूस उचलला, ज्यांना अकरा महिन्यांत काही म्हणता येत नव्हतं, त्यांना हे वाक्य मात्र झटकन वाचता आलं. मीच रेघ मारून हातात दिल्यासारखं त्यांनी ते वाचलं. वकिलांना फोन केला तर म्हणाले, "हे माझ्याही ध्यानात नाही आलं. पण मॅडम, तेवढं वाक्य नको होतं." चांगलं लिहिलंय म्हणणारे हेच. मी फोन ठेवून दिला.

चैती दुसऱ्या दिवशी आली. तिला गोकुळदादांच्या माणसाने आधीच सांगितलं होतं. नवरा आत, भाऊ आत, आणि तिच्या अंगावर तीच निळी साडी, फोटोंतली. मी काहीतरी बोलायला लागले, की आपण वरच्या कोर्टात जाऊ, की मी पुन्हा अर्ज लिहिते. तिने हाताने मला थांबवलं.

"कंच्या वाक्यानं झाला? त्ये वाच."

मी वाचलं. या वेळी एकदाच. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"खोटा नाय लिवलास," ती म्हणाली. पदराने तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि पायरीवर थांबली. "पन अकरा महिनं तो नाय बोलला, बाय. तू बोललीस."