रेक्झिनचे पट्टे

आमच्या ह्यांना, म्हणजे इनॉकना, एका जागी बसवणं कुणाच्या बापाला जमलं नाही. पस्तीस वर्षं पनवेलभर टपाल वाटलं. निवृत्त झाले, तरी पायाला भिंगरी तीच. आणि खारघरच्या डॉक्टर प्रांजलनी औषध काय सांगावं? बसून राहा.

वर्षभर आमच्या घरात एकच विषय होता: त्यांच्या डाव्या अंगठ्याखालची बोराएवढी जखम. ती झाली मागच्या मोठ्या उपासाला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, त्या दिवशी पायात कातडं घालत नाही. ह्यांच्या मधुमेहाच्या मऊ चपलांना कातडी पट्टे होते. म्हणून त्या घरी ठेवून हे पातळ स्लिपर घालून गेले आणि सिनेगॉगच्या तापल्या फरशीवर दिवसभर उभे राहिले. फोड आला, फुटला, ह्यांना पत्ताच नाही. मला सॉक्स धुताना कळलं.

"दुखलं कसं नाही?" मी डॉक्टरांना विचारलं, जरा ओरडूनच.

"साखरेने पायाच्या नसा मेल्यात, काकू. दुखलं असतं तर त्यांनीच पाय उचलला असता. रक्तवाहिन्याही अरुंद झाल्यात, त्यामुळे जखम भरायला लागतं तेवढं रक्त तिथवर पोचत नाही. त्यात साखर वाढलेली, म्हणजे जंतूंची चैन. आणि एवढं करून जी थोडी भरते, ती काका चालून फोडतात."

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. रोज सकाळी त्यांचा तळवा बघायचा, चपलेत हात फिरवून खडा-काटा शोधायचा. भाजी चिरताना कान दाराकडे. कडी वाजली की मी धावले.

"अहो, कुठे निघालात?"

"इथेच, कोपऱ्यावर."

त्यांचा कोपरा थेट करंजाड्याला असायचा. दोनदा जखम मिटली, दोनदा उघडली. तिसऱ्यांदा मिटली ती गणपतीत, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आता उघडली तर अंगठा राहणार नाही."

आणि उपास तोंडावर आलेला. गोळ्या आणि त्यापुरते दोन घास घ्यायचे, हे ह्यांनी तोंड पाडून मान्य केलं. दिवसभर खुर्चीत बसायचंही कबूल केलं. पण शेवटच्या प्रार्थनेला ते उभे राहणारच होते.

"तिथे मी बसणार नाही, मिल्का."

तो आवाज मला ठाऊक आहे. त्यापुढे मी वाद घालत नाही. "मग चपला तरी घालाल?"

"कातडं नाही."

कातडं नाही तर नाही! मी चपला पिशवीत टाकल्या आणि बाजारात काशिरामकडे गेले. तो चपला दुरुस्त करतो. म्हटलं, हे पट्टे काढ आणि रेक्झिनचे लाव. त्याने सोल्युशन लावून वर दगड ठेवला.

"उद्या न्या, काकी. धरायला पायजे."

उद्या कसं चालेल? त्याच संध्याकाळी उपास लागत होता. मी बाजारात दोन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन त्याच्या डोक्यावर उभी राहिले. "अरे, एखादा खिळा मार आणि दे मला!"

त्याने खिळा मारला. मी रिक्षात बसले ती लढाई जिंकल्यासारखी.

उपासाच्या दिवशी सकाळी तळवा पाहिला, स्वच्छ होता. चपलेत हात घातला नाही. मीच करून आणलेल्या चपला, त्यांत काय शोधायचं? पांढरे कपडे, पांढरे सॉक्स, नवे पट्टे. "नवरदेव दिसताय," मी म्हटलंसुद्धा.

दिवसभर ते शहाण्यासारखे बसले. मी बायकांच्या बाजूने त्यांच्यावर डोळा ठेवून होते. प्रार्थनेत माझं लक्ष होतं म्हटलं तर खोटं होईल. संध्याकाळी पवित्र ग्रंथांच्या कपाटाची दारं उघडली, सगळे उठले, तसे हेही उठले. जवळजवळ तासभर उभे होते. ना पाय बदलला, ना कुठे टेकले. मग शोफार वाजला, ते मेंढ्याचं शिंग फुंकलं की उपास सुटतो. वर्षात पहिल्यांदा माझा जीव ठिकाणावर आला.

घरी आल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं, सरबत दिलं आणि चप्पल काढली. डावा सॉक्स अंगठ्याखाली लाल झाला होता, ओला, पायाला चिकटलेला.

"अगदी आरामात उभा होतो बघ," ते वरून सांगत होते. "तुझ्या चपलेची कमाल."

मी चपलेत हात घातला. मऊ रबरातून खिळ्याचं टोक वर आलेलं होतं. ते कच्चकन माझ्या बोटात घुसलं.

"आई गं!"

हे ताडकन उठले, त्याच पायावर. "लागलं का तुला? बघू. फार दुखतंय?"

"बसा!" मी किंचाळले. "अहो, बसा ना!" आणि मला रडूच फुटलं. "खिळा मीच मारायला लावला हो. घाई मीच केली."

त्यांना काही कळलं नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या बोटाला गुंडाळला आणि उभ्यानेच दाबून धरला.

"रडतेस काय एवढं?" ते म्हणाले. "एवढीशी तर जखम. दोन दिवसांत भरून येईल."