डावीकडची तिसरी खोली

रोज दिवेलागण झाली की माझ्या सासूबाई पिशवीत दोन लुगडी कोंबतात आणि दारापाशी उभ्या राहतात. "चल, घरी जायचंय."

नायगावची आमची बीडीडी चाळ पाडून तिथे टॉवर झाला. त्यात बाविसाव्या मजल्यावर आम्हाला घर मिळालं. पण सासूबाईंना ते आपलं वाटतच नाही. विसरण्याचा आजार आहे त्यांना. मागच्या महिन्यात एकट्याच खाली उतरल्या आणि पार भोईवाड्याला सापडल्या. तेव्हापासून दाराला आतून कुलूप असतं आणि किल्ली माझ्या कमरेला. चाळीत जिने दिवसा कधी दार ओढून घेतलं नाही, तिला मी कोंडून ठेवते. जीव तुटतो माझा, पण करू काय?

चाळींपैकी एक तेवढी सरकारने म्युझियम म्हणून ठेवलीय. म्हटलं, यांना तिथे न्यावं. तिकीट बघतील, गार्ड बघतील, चाळ संपली हे एकदाचं पटेल. नवऱ्याला विचारलं, तर अजित म्हणाला, "बघ बाबा, तुला वाटतं तसं." बेस्टची बस चालवतो, पण घरातलं स्टिअरिंग कायम माझ्याच हातात.

म्युझियमची चाळ आमची नव्हेच. पण इंग्रजांनी सगळ्या चाळी एकाच छापाच्या बांधल्यात, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सासूबाई जिना चढल्या, डावीकडे वळल्या, तिसऱ्या खोलीपाशी चपला काढल्या आणि दारात आडवी बांधलेली दोरी बाजूला सारून आत गेल्या.

आत जुना संसार मांडून ठेवला होता. स्टोव्ह, पितळी डबे, लोखंडी खाट, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्यांनी पदराने दोन्ही फोटो पुसले, हात जोडले आणि खाटेवर टेकल्या. त्यांचा इतका निवांत चेहरा मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. मला रडूच आलं. दारात दोन कॉलेजच्या मुली मोबाइलवर फोटो काढत होत्या. त्यांना म्हणाल्या, "या गं, चहा टाकते." मुलींना वाटलं, हाही म्युझियमचाच कार्यक्रम. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात गार्ड आली. "मावशी, तिथं बसायचं नाय. उठा, बंद करायचा टाइम झाला."

"माझ्या घराला कुलूप लावणारी तू कोण गं?"

गार्डने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ताई, थोडा वेळ द्या ना." तिने दिला. मग आणखी थोडा दिला. शेवटी तीच रडकुंडीला आली. "मॅडम, माझी नोकरी जाईल ओ."

मी खाटेपाशी खाली बसले. "आई, चला ना. घरी जायचंय." रोज त्या म्हणतात, ते आज मी म्हणत होते.

सासूबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. लग्न होऊन आले तेव्हापासून एवढ्या मायेने त्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं.

"हो गं पोरी, अंधार पडला. तू नीघ आता. घरी तुझी सासू वाट बघत असेल."

गार्ड कुलूप घेऊन दारात उभी होती. मी सासूबाईंचा दंड धरला आणि त्यांना ओढत बाहेर काढलं.